मॅग्नेशियमची वाफ, कमी दाबाची हवा आणि काचेवरची काळी काजळी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे साधारण २० लिटरचा निर्वात कक्ष आहे, त्याला टर्बो पंप आणि मागे रोटरी पंप आहे. तुम्ही कक्ष चांगला उपसला, पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला, आत १ मिलीबारपर्यंत (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी) हवा घेतली आणि टंगस्टनच्या बोटीत, म्हणजे विजेने तापणाऱ्या छोट्या पन्हळीत, अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम तापवलं. काचेवर पांढरा ऑक्साइड बसेल अशी अपेक्षा होती, पण बसली काळी काजळी. मग दाब ०.०१ मिलीबारवर आणून पाहिलं, तर काचेचा काही भाग करडा आणि काही आरशासारखा झाला. आता तुम्ही विचारताय, धातूची वाफ आणि हवा यांची अभिक्रिया नीट अभ्यासायची तर दाब नेमका किती ठेवायचा?

दाबाचा एक आकडा देऊन मला मोकळं होता येईल, पण त्याने तुमचं काम पुढे सरकणार नाही. धातूचा अणू बोटीतून सुटल्यापासून काचपट्टी तुमच्या हातात येईपर्यंत ऑक्सिजनला त्याला गाठायच्या चार जागा असतात: बोटीतल्या तापलेल्या धातूचा पृष्ठभाग, मधली वाट, काचेवर बसलेला ताजा थर, आणि शेवटी तुम्ही कक्ष उघडता ती वेळ. चारही ठिकाणी ऑक्साइडच तयार होतो आणि नुसती काचपट्टी बघून तो कुठे झाला हे कळत नाही. म्हणून ‘अभिक्रिया होते का’ याच्या आधी ‘कुठे होते’ हे ठरवायला हवं. निर्वात कक्षांवर काम करताना माझे सर्वांत जास्त महिने या एका गोष्टीत गेले आहेत, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

तुम्हाला शेवटी काय हवंय यावरही बरंच अवलंबून आहे. ऑक्साइडचा चांगला थर हवा असेल तर एक पद्धत, धातूचे किंवा ऑक्साइडचे बारीक कण हवे असतील तर दुसरी, आणि वाटेतल्या अभिक्रियेचा वेग मोजायचा असेल तर अगदी वेगळी. तिन्ही एका मांडणीत होत नाहीत. तुमच्या प्रश्नातून तिसरी गोष्ट डोकावते, पण हातात असलेली मांडणी पहिलीसाठी आहे.

आधी काजळीचं बघू. यासाठी फक्त हिशेब पुरतो. २० लिटरमध्ये १ मिलीबार हवा, तिचा साधारण २१ टक्के भाग ऑक्सिजन. तेवढा सगळा ऑक्सिजन संपवायला किती मॅग्नेशियम लागेल? सुमारे ८ मिलिग्रॅम. तुम्ही बोटीत ठेवलं होतं ५०० मिलिग्रॅम. म्हणजे साठावा हिस्सा उडाला तेव्हाच कक्षातला ऑक्सिजन संपला. पुढचं सगळं मॅग्नेशियम नायट्रोजनमध्ये उडत होतं. १ मिलीबारला अणूला एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही मोकळी वाट मिळत नाही. त्या दाटीत धातूची वाफ बोटीजवळच थंड होते, अणू एकमेकांना चिकटून बारीक कण बनतात आणि ते कण धुरासारखे वर चढून काचेवर बसतात. अतिसूक्ष्म धातुकणांचा सच्छिद्र थर उजेड गिळतो, म्हणून तो काळा दिसतो. चांदीसोन्याचीसुद्धा अशी काळी काजळी बनवता येते. तर तुम्ही पाहिलंत ते बहुतांशी मॅग्नेशियम होतं, ऑक्साइड त्यात थोडाच.

०.०१ मिलीबारला तर ऑक्सिजन संपवायला ८० मायक्रोग्रॅम पुरतात. वजनाने हे मिठाच्या एक-दोन कणांइतकं झालं! बोट नीट तापायच्या आतच तो संपला असणार. म्हणून माझी पहिली सूचना: व्हॉल्व्ह बंद करून प्रयोग करायचा तर धातू मायक्रोग्रॅममध्ये मोजावा लागेल. नाहीतर पंप चालू ठेवून लीक व्हॉल्व्हने, म्हणजे अगदी बारीक फट उघडणाऱ्या झडपेने, हवा सतत आत सोडा, म्हणजे खर्च होणारा ऑक्सिजन भरून निघत राहील. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी दुसरी पद्धत सांगतो.

आता त्या चार जागांकडे येऊ. वाटेत टक्कर होणार की नाही, हे सरासरी मुक्त पथावरून, म्हणजे दोन टकरींमधल्या सरासरी मोकळ्या वाटेवरून, कळतं. नेहमीच्या तापमानाला हवेच्या रेणूचा मुक्त पथ ०.०१ मिलीबारला सुमारे साडेसहा मिलिमीटर, ०.००१ मिलीबारला साडेसहा सेंटिमीटर आणि ०.०००१ मिलीबारला ६५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. धातूच्या अणूसाठी हे आकडे थोडे बदलतात, पण अंदाजाला चालतात. बोट आणि काच यांच्यात २० सेंटिमीटर अंतर धरलं तर ०.०००१ मिलीबारला चारपैकी तीन अणू कुणालाही न धडकता काचेवर पोचतात. ०.००१ मिलीबारला वीसपैकी एखादाच तसा पोचतो. दोन दाबांत फरक फक्त दहापट, पण वाटेचं चित्र पूर्ण उलटं झालं.

आता काचेवर काय चालतं ते बघा. थर सेकंदाला १ नॅनोमीटर वाढत असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला मॅग्नेशियमचे ४३ वर १४ शून्यं इतके अणू येऊन बसतात. त्याच वेळी ०.०००१ मिलीबार हवेतून त्याच जागेवर ऑक्सिजनचे सुमारे ५६ वर १४ शून्यं इतके रेणू आपटतात. म्हणजे मॅग्नेशियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे सव्वा रेणू. मॅग्नेशियम ऑक्साइडला प्रत्येक अणूमागे अर्धा रेणू पुरतो. आपटलेला प्रत्येक रेणू चिकटत नाही हे धरूनही ऑक्सिजन पुरेसा आहे. तर ०.०००१ मिलीबारला बहुतेक अणू वाटेत कुणाला भेटतच नाहीत आणि तरीही काचेवर बराचसा ऑक्साइड मिळू शकतो. हा ऑक्साइड बघून ‘वाफेची हवेशी अभिक्रिया झाली’ असं लिहिलं तर ते चूक ठरेल. अभिक्रिया थरावर झाली.

म्हणूनच मी दाबाच्या आकड्यापेक्षा या गुणोत्तराकडे जास्त बघतो: एका धातूच्या अणूमागे ऑक्सिजनचे रेणू किती. दाब तोच ठेवून धातूच्या वाफेचा फवारा दहापट वाढवलात तर हे गुणोत्तर दहापट घसरतं आणि पारदर्शक थराच्या जागी आरसा मिळतो. नोंदवहीत फक्त दाब लिहिलेला असेल आणि थर वाढण्याचा वेग नसेल, तर त्या नोंदीवरून प्रयोग पुन्हा उभा करता येत नाही.

मग दाब ०.००१ मिलीबारवर नेला, टकरी वाढल्या, तर वाटेत अभिक्रिया होईल का? इथे धातूधातूत फरक पडतो, आणि मला या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो. ऑक्सिजनच्या रेणूतला बंध तोडायला एका मोलला ४९८ किलोज्यूल लागतात. धातूचा एक अणू ऑक्सिजनच्या रेणूला धडकून त्याच्याकडून एक अणू हिसकावून घेणार असेल, तर त्या धातू-ऑक्सिजन जोडीचा बंध याहून मजबूत हवा. ॲल्युमिनियम मोनॉक्साइडच्या रेणूचा बंध ५११ च्या आसपास आहे, म्हणजे जेमतेम जास्त. तेवढं पुरतं: ॲल्युमिनियमचा अणू ऑक्सिजनशी काही टकरींतच जुळतो. टायटॅनियम आणि बेरियम यांचे बंध आणखी मजबूत, त्यामुळे तेही हे काम करू शकतात. मॅग्नेशियमच्या ऑक्साइडच्या एकट्या रेणूचा बंध मात्र ऑक्सिजनच्या बंधाच्या निम्म्याच्या आसपास आहे. लोखंड, तांबं, जस्त, सोडियम यांचेही बंध ४९८ च्या खालीच.

इथे बरेच जण गोंधळतात. मॅग्नेशियमची फीत तर डोळे दिपवत जळते, मग त्याचा अणू ऑक्सिजनशी जुळत का नाही? कारण ती सगळी उष्णता घन ऑक्साइडचा स्फटिक बनताना मिळते. एकट्यादुकट्या रेणूला स्फटिकाचा तो आधार नसतो. मॅग्नेशियमचा अणू ऑक्सिजनच्या अख्ख्या रेणूला चिकटू शकतो, पण तेव्हा सुटणारी ऊर्जा घेऊन जायला तिसरा रेणू नेमका त्याच क्षणी तिथे हवा, नाहीतर जोडी लगेच फुटते. ०.००१ मिलीबारला असा तिसरा रेणू वेळेवर येणं फार दुर्मीळ. म्हणून तुमच्या कक्षात मॅग्नेशियमचा अणू वाटेत ऑक्सिजनला धडकतो, वाट बदलतो, थोडा थंड होतो आणि धातू म्हणूनच भिंतीवर पोचतो. ऑक्साइड व्हायचा तो तिथे होतो.

हीच गोष्ट आपल्या डोक्यावर रोज घडते. उल्का जळताना सुटलेले सोडियम, मॅग्नेशियम, लोखंड यांचे अणू जमिनीपासून साधारण ८० ते १०५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात असतात. ९० किलोमीटरवर दाब ०.००२ मिलीबारच्या आसपास, म्हणजे तुमच्या कक्षासारखाच. तिथे ऑक्सिजन असूनही सोडियम अणू म्हणून टिकून राहतं, कारण साधा ऑक्सिजन त्याला एका टकरीत पकडू शकत नाही. त्याला पकडतो ओझोन. मग ऑक्सिजनचा सुटा अणू सोडियमला पुन्हा मोकळं करतो आणि त्यात ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश निघतो. ही साखळी ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९३९ साली मांडली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंब्याहून उडालेल्या पहिल्या नायकी-अपाची रॉकेटनेही वर जाऊन सोडियमची वाफच सोडली होती, वरच्या थरांतले वारे त्या चमकत्या ढगावरून कळावेत म्हणून. पण एक फरक लक्षात ठेवा: आकाशाला भिंत नसते. तिथे अणूला ओझोनची वाट बघायला वेळ असतो. तुमच्या कक्षात हजार मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास धावणारा अणू मिलिसेकंदाच्या आत भिंतीवर आपटतो.

म्हणून वाटेतल्या अभिक्रियेचा वेगच मोजायचा असेल तर तुमची मांडणी बदलावी लागेल. त्यासाठी प्रवाहनळी वापरतात. लांब नळीतून काही मिलीबार दाबाचा हेलियम किंवा नायट्रोजन वाहता ठेवायचा, त्याच्या सुरुवातीला धातूची अगदी विरळ वाफ मिसळायची आणि पुढे सरकत्या नळीने ऑक्सिजन सोडायचा. वाहक वायूच्या गर्दीमुळे अणू भिंतीपर्यंत सावकाश पोचतात. प्रवाह सेकंदाला १० मीटर असेल तर नळीतलं एक सेंटिमीटर म्हणजे एक मिलिसेकंद. टोकाला धातूचे किती अणू उरले ते प्रकाशशोषणाने मोजायचं, ऑक्सिजन सोडायची जागा मागेपुढे करायची, की वेग मिळतो. भिंत किती अणू खाते ते ऑक्सिजन बंद ठेवून आधी मोजून घ्यावं लागतं. ॲल्युमिनियमसाठी ३९४.४ आणि ३९६.१ नॅनोमीटरच्या रेषा साध्या काचेतून जातात. मॅग्नेशियमची २८५.२ ची रेषा काच अडवते, तिला क्वार्ट्झची खिडकी लागते. खिडकी मागवायच्या आधी हे तपासा.

पण तुमच्या आहे त्या कक्षातही ‘कुठे’ या प्रश्नाचं बरंच उत्तर काढता येतं, आणि त्याची रीत १९१३ सालची आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर टंगस्टनच्या दिव्यांवर काम करत होते. बल्बमध्ये थोडा ऑक्सिजन असला तर तो नाहीसा होतो, नायट्रोजन असला तर तोही नाहीसा होतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं. त्यांनी वेग मोजले. ऑक्सिजन नाहीसा होण्याचा वेग ऑक्सिजनच्या दाबाबरोबर वाढत होता: तो तापलेल्या तारेवर आपटून तिथेच ऑक्साइड बनवत होता आणि तो ऑक्साइड उडून काचेवर बसत होता. नायट्रोजनचा वेग मात्र दाबाला फारसा जुमानत नव्हता, तो तारेच्या तापमानावर ठरत होता, आणि तोही तारेतून टंगस्टन ज्या वेगाने उडतं त्याच्याशी जुळणारा. म्हणजे नायट्रोजन तारेवर काहीच करत नव्हता, तर उडून बाहेर पडलेल्या टंगस्टनच्या अणूंना गाठत होता. एकच बल्ब, एकच धातू, दोन वायू आणि दोन वेगळ्या जागा. हे त्यांनी कुठल्याही आधुनिक यंत्राशिवाय, फक्त दाब आणि तापमान आलटून पालटून बदलून शोधलं.

तुम्हीही तेच करा. फवारा कायम ठेवून दाब बदला, मग दाब कायम ठेवून फवारा बदला. तिसरा बदल अंतराचा, आणि त्यात एक मेख आहे. काच दूर नेली की वाट लांबते हे खरं, पण काचेवर येणारे धातूचे अणूही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात, त्यामुळे थरावरचं गुणोत्तर आपोआप बदलतं. म्हणून दूरच्या काचेसाठी बोट जास्त तापवून थर वाढण्याचा वेग आधीइतकाच आणायचा. एवढं करूनही दूरच्या काचेवर ऑक्साइडचं प्रमाण जास्त निघालं, तरच वाटेत काही घडतंय असं म्हणता येईल.

हवेबाबत आणखी एक मदत तुमच्याकडे फुकट आहे. हवेत ०.९३ टक्के आर्गॉन असतो आणि तो कुठल्याच धातूशी अभिक्रिया करत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू त्यांच्या वजनानुसार वेगळे मोजणारं यंत्र) असेल तर ३२ (ऑक्सिजन) आणि ४० (आर्गॉन) या शिखरांचं गुणोत्तर बघा. धातू उडायला लागल्यावर ते घसरलं तर ऑक्सिजन खाल्ला जातोय. २८ आणि ४० चं घसरलं तर नायट्रोजनही. पंपाचा वेग बदलला, गेज थोडं सरकलं, तरी गुणोत्तर सहसा फसवत नाही. स्पेक्ट्रोमीटर नसेल तर दाब मोजणारं साधं गेजही बरंच सांगतं. लीक व्हॉल्व्हने हवा ०.०००१ मिलीबारवर स्थिर करा, मग बोट आणि काच यांच्यामधलं शटर (सरकतं झाकण) उघडा. मॅग्नेशियम असेल तर दाब फार तर पाचव्या हिश्श्याने उतरून थांबेल, कारण त्याचा थर नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनला जवळजवळ हात लावत नाही. टायटॅनियमचा जोरदार फवारा असेल तर दाब खूप खाली जातो, कारण तो नायट्रोजनही ओढून घेतो आणि मागे मुख्यतः आर्गॉन उरतो. दाब कुठे येऊन थांबतो यावरून कोण खाल्लं गेलं ते ओळखता येतं.

नायट्रोजनविषयी तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण बोटीत त्याचा विचार करावा लागतो. तापलेलं मॅग्नेशियम नायट्राइड बनवतं. बोटीत उरलेला पिवळट-हिरवट थर ओलसर हवेत ठेवल्यावर अमोनियाचा वास आला तर तो नायट्राइड. ओला लाल लिटमस त्या थराच्या वर धरा, त्याला टेकवू नका. टेकवलात तर मॅग्नेशियमच्या हायड्रॉक्साइडनेच तो निळा होईल आणि निष्कर्ष चुकेल.

आता पाण्याबद्दल, कारण जवळपास प्रत्येकाचं इथेच फसतं. कक्ष ०.००००१ मिलीबारपर्यंत उपसला की आत ‘थोडी हवा’ उरते असं आपण मानतो. प्रत्यक्षात, न भाजलेल्या (म्हणजे तापवून कोरडा न केलेल्या) कक्षात उरलेल्या वायूत बहुतांश पाण्याची वाफ असते, भिंतींवरून सावकाश सुटणारी. या दाबाला कुठल्याही पृष्ठभागावर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात एका थराइतके रेणू आपटतात. ताजं मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन सोडतं. स्पेक्ट्रोमीटरवर हे बघण्यासारखं असतं: शटर उघडताच १८ चं शिखर खाली येतं आणि २ चं वर चढतं. तुम्ही हवेची अभिक्रिया मोजत आहात असं समजता आणि मोजता पाण्याची. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. कक्ष आदल्या रात्रीपासून उपसत ठेवा, जमेल तेवढा तापवा, हवा आत सोडताना ती वाळवणाऱ्या नळीतून घ्या. आणि बोटीत धातू न ठेवता, तेवढाच विद्युतप्रवाह देऊन, तेवढाच वेळ एक रिकामा प्रयोग करा. बोट तापल्यावर आजूबाजूच्या भिंती किती वायू सोडतात ते त्यात दिसतं. ही नोंद नसेल तर पुढच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

थर मोजायला मी क्वार्ट्झ क्रिस्टल वापरतो. ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची वारंवारता दर चौरस सेंटिमीटरवर १२ नॅनोग्रॅम वजन बसलं की साधारण १ हर्ट्झने उतरते. १०० नॅनोमीटर मॅग्नेशियम बसवलं तर ती सुमारे १४०० हर्ट्झ उतरेल. हा सगळा थर नंतर ऑक्साइड झाला तर वजन १.६६ पट होतं, म्हणजे आणखी ९०० हर्ट्झच्या आसपास. नुसती वरची दोन नॅनोमीटर ऑक्साइडची साय आली तर फक्त २०-२५ हर्ट्झ. त्यामुळे थर आतपर्यंत ऑक्सिडाइझ झाला की वरवर, हे लगेच कळतं. मात्र बोटीच्या उष्णतेनेही क्रिस्टल काही दहा हर्ट्झ सरकू शकतो. तो पाण्याने थंड ठेवा, आणि हा परिणामही रिकाम्या प्रयोगात बघून ठेवा. काचपट्टी बाहेर काढून तपासायची असेल तर कक्ष उघडण्याआधी तिच्यावर चांदीचा पातळ थर दुसऱ्या बोटीतून द्या. नाहीतर चौथ्या जागेवरचा, म्हणजे उघडल्यानंतरचा ऑक्साइड तुमच्या निकालात मिसळतो.

गेजविषयी थोडक्यात: तापलेली तार किती थंड होते यावरून दाब मोजणारं पिरानी गेज वायूनुसार वेगळा आकडा दाखवतं. तापल्या फिलामेंटचं आयन गेज स्वतःच ऑक्सिजनशी अभिक्रिया करतं आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं, तो २८ वर नायट्रोजनच्या शिखरात मिसळतो. ०.००१ मिलीबारच्या वर कपॅसिटन्स मॅनोमीटर (पातळ पडदा किती वाकतो यावरून दाब मोजणारं) मिळालं तर उत्तम, ते वायू कोणता याकडे बघत नाही.

धातूची निवड तुमच्या हातात असेल तर तुलनेसाठी ॲल्युमिनियम घ्या. मॅग्नेशियम वाटेत जुळत नाही, ॲल्युमिनियम जुळतं, म्हणजे एकाच कक्षात दोन वेगळ्या वागणुकी शेजारी ठेवता येतील. फरक एवढाच की मॅग्नेशियमचा बाष्पदाब ४३० अंश सेल्सिअसलाच ०.०१ मिलीबारच्या घरात जातो, ते न वितळता उडतं. ॲल्युमिनियमला त्यासाठी १२०० अंश लागतात आणि वितळल्यावर ते टंगस्टनची बोट खातं. जाड तारेची गुंडाळी वापरा आणि ती खर्ची पडणार हे धरूनच चला. जस्त मोहात पाडतं, पण टाळा: ते कोमट काचेवर नीट बसत नाही, कक्षभर पसरतं आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात डोकावतं. कॅडमियम, शिसं, बेरिलियम यांना हात लावू नका, त्यांची वाफ आणि धूळ विषारी असते.

सुरक्षिततेचं मी मुद्दाम पुढे ढकललं, कारण ते शेवटी वाचलेलं लक्षात राहतं. मी नवखा असताना अशीच मॅग्नेशियमची काजळी बसलेला कक्ष घाईने उघडला होता. हवा एकदम आत शिरली आणि खिडकीतून दिसलं, भिंतीवरच्या काजळीत केशरी ठिणग्यांची एक ओळ सरसर धावत गेली. इजा कुणाला झाली नाही, पण ते दृश्य मी विसरलेलो नाही. बारीक मॅग्नेशियम हवेत आपोआप पेटू शकतं. कक्ष पूर्ण थंड होऊ द्या, मग हवा थोडी थोडी, अर्ध्या तासात सोडा, म्हणजे कणांवर सावकाश साय येईल. काजळी कोरड्या मऊ ब्रशने काढा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. जवळ कोरडी वाळू ठेवा. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं मारलं तर आग वाढते. पुढे कधी शुद्ध ऑक्सिजन वापरणार असाल तर रोटरी पंपातलं साधं खनिज तेल आधी बदला, ऑक्सिजन आणि ते तेल मिळून स्फोट होऊ शकतो. आणि कक्ष काचेचा असेल तर जाळीचं कवच लावल्याशिवाय उपसू नका. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा ७०० किलोहून जास्त वजनाने दाबत असते.

तुमच्या कक्षात मी पुढचे तीन प्रयोग असे करीन. पहिला रिकामा, धातूविना. दुसऱ्यात पंप चालू ठेवून वाळवलेली हवा ०.०००१ मिलीबारवर स्थिर करायची, मॅग्नेशियमचा फवारा सेकंदाला १ नॅनोमीटर ठेवायचा आणि शंभर सेकंदांनी शटर बंद करायचं. तिसऱ्यात फक्त हवा ०.००००१ मिलीबारवर आणायची, बाकी सगळं तसंच. इथे मॅग्नेशियमच्या सातआठ अणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू पोचतो. दोन्ही काचपट्ट्या शेजारी धरून त्यांतून उजेडाकडे बघा. तिसऱ्या प्रयोगाची काच धातूसारखी गडद असेल. दुसरीतून बऱ्यापैकी आरपार दिसायला हवं. दुसरीही करडी निघाली तर दाब वाढवू नका, फवारा निम्म्यावर आणा आणि पुन्हा बघा.